अर्ध्या डावाचे गुण

ज्या खेळाचा डाव पुरा झालेला नाही, त्याला गुण देऊ नयेत. माझं म्हणणं एवढंच आहे. ते या आठवड्यात सांगायचं कारण असं की, आमच्या इंदुरात पटावरच्या खेळांच्या बैठका आता चांगल्या रंगू लागल्या आहेत. येणारी तरुण मंडळी हौशी आहेत, वाचून-पाहून येतात, नवा डबा उघडताना त्यांचे डोळे चमकतात. आणि तरीही तो डबा बंद व्हायच्या आत "दहापैकी सहा" म्हणून खेळाचा निकाल लावून मोकळी होतात.

डावात खेळणाऱ्याचा निकाल लागतो. खेळाचा निकाल इतक्या लवकर लागत नाही.

ज्यांनी हे जग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बैठे खेळ म्हटलं की आपल्याला सापशिडी, ल्यूडो, पत्ते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतला 'नवा व्यापार' आठवतो. पण गेल्या तीस वर्षांत या खेळांची वेगळीच पिढी उभी राहिली. १९९५ साली जर्मनीत क्लाउस टॉयबर यांचा 'कटान' आला आणि त्यानंतर रांगच लागली. या नव्या खेळांत फाशाची सत्ता कमी आणि खेळणाऱ्याच्या निवडीला मान जास्त. सहसा कुणी मध्येच बाद होऊन कोपऱ्यात बसत नाही. डाव किती वेळ चालेल ते डब्यावरच लिहिलेलं असतं. अशा खेळांचे मेळे भरतात. अमेरिकेतला 'जेनकॉन' १९६८ पासूनचा. जर्मनीत एसेन गावी १९८३ पासून मेळा भरतो, अलीकडे तिथे चार दिवसांत दोन लाखांच्या आसपास माणसं येऊन जातात. आपल्याकडे मुंबईत 'मीपलकॉन' भरतं. इंदुरात कॅफेतल्या रविवारच्या बैठका आहेत, कॉलेजातले गट आहेत. ज्या गावात ओटल्यावर बसायला माणूस कधी कमी पडला नाही, तिथे अशा बैठकांचा मेळा व्हायला वेळ लागायचा नाही. म्हणूनच गुणांची रीत आत्ताच नीट लागायला हवी.

परवाच्या बैठकीतलं एक टेबल सांगते.

खेळ होता 'कार्कासोन'. फ्रान्समधल्या एका तटबंदीच्या शहराचं हे नाव. क्लाउस-युर्गन व्रेडे यांनी रचलेला हा खेळ २००० साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीतला 'वर्षाचा खेळ' हा मान मिळाला. एकूण ७२ चौकोनी फरश्या. पाळी आली की एक फरशी उचलायची आणि मांडलेल्या फरश्यांना जुळेल अशी लावायची. रस्त्याला रस्ता, तटाला तट, शेताला शेत. लावलेल्या फरशीवर हवा तर आपला छोटा लाकडी माणूस ठेवायचा. शहरात ठेवला तर तो सरदार, मठात ठेवला तर साधू. शेतात ठेवायचा असेल तर उभा ठेवायचा नाही, आडवा निजवायचा. तो शेतकरी. बाकीचे आपापलं काम झालं की तुमच्या हातात परत येतात. शेतकरी परत येत नाही, डाव संपेपर्यंत तो तिथेच अडकतो. मात्र शेवटी त्याच्या शेताला भिडलेल्या प्रत्येक पुऱ्या झालेल्या शहराचे तीन-तीन गुण पदरात टाकतो.

खेळ समजावून सांगणाऱ्या मुलाने वेळ वाचवायला शेतकरी गाळला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, पहिल्या डावाला हा नियम बाजूला ठेवायची मुभा नियमपुस्तिकाच देते. चौघं खेळले. डाव गोड झाला. उठता उठता एकाने चिठ्ठीवर सहा लिहिले. म्हणाला, "छान आहे, पण लहान मुलांचा आहे." चिठ्ठी गुणांच्या डब्यात पडली.

त्या टेबलावर एक काकू होत्या. मुलीने घेऊन दिलेला हाच खेळ त्यांच्या घरी आहे. त्या म्हणाल्या, "थांबा रे, आता शेतकरी घेऊन खेळू." पुन्हा फरश्या पालथ्या घातल्या. आणि तोच खेळ बदलला. आता प्रत्येक फरशी लावताना दोन प्रश्न होते. हे शहर मी पुरं केलं तर मला किती, आणि शेजारच्या शेतात जो निजलाय त्याला किती? काकूंनी तिसऱ्याच पाळीला एक माणूस आडवा पाडला होता. सहा लिहिणाऱ्या त्या मुलाने हौसेने एकेक शहर पुरं केलं आणि प्रत्येक शहरागणिक काकूंच्या शेतकऱ्याला तीन गुण वाढत गेले. अर्ध्यात त्याच्या हे ध्यानात आलं. मग त्याने लांबून एक शेत आणून काकूंच्या शेताला जोडायची धडपड केली, म्हणजे तिथे त्याचाही वाटा झाला असता. जोडणारी फरशी काही आली नाही. हरला. पण खुर्चीवरून उठेना. शेजारच्याला म्हणाला, "भिया, ये तो अलग ही खेल निकला."

त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. आणि डब्यातल्या चिठ्ठीवर सहा होते, ते सहाच राहिले.

एक मुलगा, एक चिठ्ठी. पण मेळ्यात अशा चिठ्ठ्या हजारांनी जमतात आणि त्यांची सरासरी निघते. हजार जणांनी अर्धाच खेळ खेळलेला असेल तर सरासरीही अर्ध्या खेळाचीच निघणार. माणसं वाढवून तो दोष भरून निघत नाही.

मेळ्यातलं खेळणं कसं चालतं ते बघा. टेबलं भरलेली, मागे रांग. समजावणारा बहुधा प्रकाशकाचाच माणूस, आणि चांगला बोलणारा. तो दोन फेऱ्या खेळवतो, "पुढे असंच चालतं" म्हणतो आणि हसून निरोप देतो. खेळणारा उठतो, पुढच्या टेबलाकडे जाताजाता आकडा टाकतो. त्या आकड्यात खेळ किती असतो? समजावणाऱ्याची जीभ असते, डब्यावरचं चित्र असतं, समोर बसलेला अनोळखी माणूस हसरा होता की चिडका तेही असतं. आणि जो खेळ पहिल्याच पाच मिनिटांत सगळं दाखवून मोकळा होतो, त्याला या हिशेबात आयतीच बढत मिळते. तिसऱ्या डावात उमलणारा खेळ मागे पडतो. त्याची काही चूक नसताना मागे पडतो, याचं मला वाईट वाटतं.

'हनाबी' घ्या. आंत्वान बोझा या फ्रेंच माणसाचा पत्त्यांचा खेळ, २०१३ चा 'वर्षाचा खेळ'. यात आपले पत्ते आपण बघायचे नाहीत. ते समोरच्यांकडे तोंड करून धरायचे आणि त्यांनी दिलेल्या मोजक्या खुणांवरून काय टाकायचं ते ठरवायचं. सगळे मिळून जिंकतात किंवा सगळे मिळून हरतात. पहिल्या डावात नुसता गोंधळ. पण तीच चार माणसं चार वेळा बसली की अमक्याने आत्ता गप्प राहणं म्हणजे काय, हेही कळायला लागतं. हा खेळ माणसांच्या ओळखीवर चालतो. अनोळखी चौघांना अर्ध्या तासासाठी बसवून त्याचे गुण विचारणं हा अन्याय आहे.

एसेनच्या मेळ्यात 'फेअरप्ले' नावाचं खेळांचं नियतकालिक येणाऱ्या लोकांकडूनच गुण गोळा करतं आणि यादी लावतं. गुण शाळेतले, जर्मन पद्धतीचे, म्हणजे १ सर्वांत चांगला आणि ६ साफ नापास. त्या फलकापुढे माणसांची गर्दी होते, कारण खिशात पैसे मोजके आणि खेळ शेकड्यांनी. मला त्या फलकातली एक गोष्ट मनापासून आवडते. गुणांशेजारी किती मतं पडली तेही लिहितात. वाचणाऱ्याला निदान वजन कळतं. पण डाव कितवा, तेही लिहायला हवं होतं.

जगात या खेळांच्या गुणांचा सगळ्यांत मोठा साठा 'बोर्डगेमगीक'कडे आहे, २००० सालापासून. तिथे एक ते दहा अशी पट्टी आहे, आणि ही पट्टी फार विचाराने केलेली आहे हे मी ठासून सांगेन. तिच्यातल्या वरच्या आकड्यांचे अर्थ परत खेळण्याच्या इच्छेवर बांधलेले आहेत. दहा म्हणजे हा खेळ मला केव्हाही खेळायचा असतो आणि पुढेही तसंच वाटेल. आठ म्हणजे आवडतो, बहुधा मीच सुचवीन. सहा म्हणजे लहर लागली तर कधीमधी बसेन. आता सांगा, पहिल्या डावानंतर दहा कसे देता येतील? 'पुढेही तसंच वाटेल' हे अर्ध्या तासात कुणाला कळलं? आणखी एक काळजी ते घेतात. नव्या खेळावर फिदा झालेल्या मूठभर लोकांनी दहा-दहा दिले म्हणून तो डोक्यावर चढू नये, यासाठी क्रमवारी लावताना प्रत्येक खेळाच्या हिशेबात मधल्या आकड्याची बरीच काल्पनिक मतं मिसळतात. मत देणारी माणसं थोडी असली तर काय करायचं याचा बंदोबस्त आहे. खेळलेले डाव थोडे असले तर काय, याचा नाही. एकदाच खेळलेल्याचे सात आणि पन्नास वेळा खेळलेल्याचे सात तिथे सारखेच.

याउलट 'वर्षाचा खेळ' ठरवणारे जर्मन परीक्षक बघा. १९७९ साली पहिला मान दिला तेव्हापासून हे काम समीक्षकांकडे आहे, खेळ बनवणारे-विकणारे त्यात घेत नाहीत. एकच खेळ ते वेगवेगळ्या माणसांबरोबर पुन्हा पुन्हा खेळून बघतात. आणि त्यांनी मान तीन ठेवले आहेत. घरच्या सगळ्यांसाठी वेगळा, लहान मुलांसाठी वेगळा आणि २०११ पासून सरावलेल्या खेळाडूंसाठी वेगळा. ही वाटणी म्हणजे खरा शहाणपणा. 'चांगला' म्हटलं की लगेच विचारायचं, कुणासाठी? त्या मुलाच्या सहाला 'लहान मुलांचा' अशी पुस्ती होती. म्हणजे प्रश्न त्याला पडला होता, चिठ्ठीत त्याला जागाच नव्हती.

आपल्याकडे धीराची रीत नव्हती असं कुणी म्हणू नये. अकबराच्या दरबारातल्या चौपडीबद्दल 'ऐन-ए-अकबरी'त लिहिलेलं आहे की दोन-दोनशे माणसं खेळायला जमत आणि सोळा डाव खेळल्याशिवाय कुणाला घरी जायची परवानगी नसे. कधी कधी हे प्रकरण तीन-तीन महिने चाले. ग्रंथकर्ता अबुल फजल म्हणतो, बादशहा यातून माणूस पारखत असे. मी कुणाला तीन महिने कोंडा म्हणत नाही. पण माणूस पारखायला सोळा डाव लागत असतील, तर खेळ पारखायला निदान तीन तरी द्या.

आता मला जे सगळ्यांत जास्त बोचतं ते. या बैठकांत आपले जुने खेळ येतच नाहीत, आणि आले तर दुसऱ्याच्या अंगरख्यात येतात.

पचिशीचं घ्या. कापडाचा पट, फुलीसारखे चार हात, प्रत्येक हाताला आठ-आठ घरांच्या तीन ओळी. चौघं खेळणार, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आणि समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे जोडीदार. सहा कवड्या मुठीत खुळखुळवून टाकायच्या, उताण्या किती पडल्या त्यावर दान. सहाही पालथ्या पडल्या की पंचवीस, आणि पंचवीस आले की टेबल दणाणलंच पाहिजे. फुलीची खूण असलेल्या घरात बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. आता यातली गंमत ऐका. माझ्या चारही सोंगट्या घरी पोचल्या म्हणून मी जिंकले असं नाही. जोडीदाराच्याही पोचल्या पाहिजेत. म्हणून मी पुढे पळत सुटायचं की मागे राहून त्याच्या वाटेवरचा मारेकरी उचलायचा, हा प्रश्न दर दानाला असतो. आमच्या घरच्या रीतीत दान पडलं तरी सोंगटी हलवायची सक्ती नव्हती. आत्या फुलीच्या घरात एक सोंगटी तासभर नुसती बसवून ठेवायची आणि समोरचे दोघं तेवढ्याने हैराण व्हायचे. न हलण्यात डाव असतो, हे मी तिच्याकडून शिकले.

हा खेळ इंग्लंडात गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे 'ल्यूडो' या नावाने त्याचं पेटंट घेतलं गेलं. कवड्या गेल्या, एक फासा आला. जोडीदार गेला, प्रत्येक जण आपापला. जो आधी घरी पोचला तो जिंकला, संपलं. तोच ल्यूडो आपल्याकडे परत आला आणि घराघरांत शिरला. आता बैठकीतली मुलं ल्यूडोला तीन गुण देतात. बरोबर देतात, मीही तेवढेच देईन. पण त्या तिनात त्यांच्या मनातून पचिशीही निकालात निघते. जी त्यांनी कधी खेळलीच नाही.

सापशिडीचीही तीच कथा. 'बोर्डगेमगीक'च्या यादीत सापशिडी अगदी तळाशी सापडते, कारण तिच्यात खेळणाऱ्याला ठरवायला काही नाही. फासा पडेल तसं जायचं. टीका खरी आहे. पण इंग्लंडात १८९० च्या दशकात जी सापशिडी विकायला लागली तिच्या मागे आपला ज्ञानचौपड होता, आणि महाराष्ट्रात परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट होता. त्याच्या घरांना नावं होती. क्रोधाच्या घरात गेलात की साप, दयेच्या घरात गेलात की शिडी, आणि सगळ्यांत वर मुक्ती. साप शिड्यांपेक्षा जास्त असत, कारण संसारात तसंच असतं अशी त्यामागची समजूत. तिथे कोण जिंकलं याला महत्त्व नव्हतं, कुठल्या घरात पडलो ते मोठ्याने वाचण्याला होतं. नावं पुसून नुसते आकडे ठेवले आणि मग म्हणायचं, यात काहीच नाही. काढून घेतलं म्हणून नाही! मोक्षपटाला डावपेचाच्या पट्टीवर मोजायचं कारण नाही. त्याला वेगळी ओळ लागेल, जशी जर्मनांनी लहान मुलांच्या खेळांना दिली.

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा तर त्याहून दुर्दैवी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२० गोल पानं, हाताने रंगवलेली. लोक कौतुकाने विकत घेतात आणि चौकटीत घालून भिंतीवर टांगतात. पानं खेळण्यासाठी असतात हो! कारागिराच्या हाताला दाद द्यायची असेल तर ती पानं पिसा, वाटा, खेळा. काही खेळांचं तर तेवढंही उरलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत आणि नाणेघाटात दगडात कोरलेले पट आजही दिसतात. कित्येक पटांची घरं मोजता येतात, डाव कसा मांडत ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी १८७१ साली 'क्रीडाकौशल्य' नावाने खेळांची माहिती संस्कृतात एकत्र केली, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. जो खेळ कुणी खेळत नाही आणि कुणी लिहीतही नाही, त्याचा पट नुसता दगडावर उरतो.

आजच्या आपल्या रचनाकारांचाही विचार करायला हवा. झैन मेमन यांचा राजकारणावरचा 'शासन' लोकांकडून पैसे उभे करून आला. 'भारत ६०० बीसी' हा महाजनपदांच्या काळावरचा खेळ आला, आणि तो काळ म्हणजे अवंतीचा, आमच्या माळव्याचाही. असे खेळ बराच वेळ चालतात. 'शासन'मध्ये मतदार जमवणं पहिल्या फेरीत समजतं. जमवलेले मतदार दुसऱ्याने कसे पळवले आणि आपण कुणाशी केलेला करार आपल्यालाच कसा नडला, हे शेवटच्या अर्ध्या तासात समजतं. त्यांना दोन फेऱ्यांच्या आकड्यावर तोललं तर पुढचा रचनाकार काय शिकेल? पहिल्या दहा मिनिटांत टाळी घेणारा खेळ रचायला शिकेल. मेळ्यातले गुण पुढचे खेळ घडवतात. म्हणून मी इतक्या कळकळीने बोलते आहे.

इंदूरला गुणांची किंमत शिकवायची गरज नाही. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर राखलेलं हे गाव आहे, आणि तो नंबर एका दिवसाच्या झाडलोटीने मिळालेला नाही. कचऱ्याची गाडी रोज सकाळी दारात येते आणि गाणं वाजवते, तेव्हा मिळतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद पडलेल्या गिरण्यांचे कामगार झांकी, म्हणजे देखाव्यांचे चित्ररथ, काढतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार. त्यांच्यात पहिली-दुसरी-तिसरी ठरते, आखाड्यांचीही ठरते. परीक्षक रात्रभर बसतात. शेवटची झांकी समोरून गेल्याशिवाय निकाल लागत नाही, आणि लावला तर गाव ऐकून घेणार नाही. हीच शिस्त टेबलावर आणायला काय हरकत आहे?

आयोजक म्हणतात, लोकांकडे वेळ नसतो. दोन दिवसांत दहा खेळ बघायचे असतात, परदेशी डबा हजारांत जातो, घ्यायचा की नाही हे ठरवायला काहीतरी आकडा हवाच. ही अडचण मला पूर्ण मान्य आहे. मग त्याला पहिली भेट म्हणा आणि तसं वर ठळक लिहा. 'एक डाव, नियम गाळून' असं ज्या चिठ्ठीवर लिहिलंय त्या सहाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो सहा प्रामाणिक आहे.

चिठ्ठी अशी करा. वर खेळाचं नाव. खाली, कितवा डाव. किती जण बसला होतात. डाव पुरा झाला का. कुठला नियम गाळला का. तुम्ही जिंकलात की हरलात. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. हरलेला माणूस जेव्हा "परत मांड" म्हणतो, तेव्हा त्या खेळाला खरी पावती मिळते, आणि जिंकलेल्याचे नऊ मी थोडे सावधपणे घेते. मग, परत बसाल का, आणि कुणाबरोबर? मित्रांबरोबर, आईवडलांबरोबर, दहा वर्षांच्या भाच्याबरोबर? हे सगळं भरून झालं की तळाशी एक छोटा चौकोन, आकड्यासाठी. कुणाला रिकामा सोडायचा असेल तर सोडू द्या.

आणि एक टेबल परतीचं ठेवा. तिथे नवा खेळ मिळणार नाही. सकाळी जो खेळलात तोच संध्याकाळी, गाळलेले नियम घालून. त्या टेबलावरची चिठ्ठी वेगळ्या रंगाची करा आणि यादी लावताना तिचं वजन जास्त धरा. परवाच्या त्या मुलाला असं टेबल मिळालं असतं तर त्याचे सहाचे किती झाले असते, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. कदाचित पाचही झाले असते. तेही मला चालेल. शेतकरी कळून पाच दिले तर तो त्याचा हक्क आहे.

जुन्या खेळांचं टेबल मांडायची जबाबदारी मी घेते. पट घरचा आहे, आत्याने शिवलेला. कवड्या आहेत, सोंगट्यांतली एक हिरवी हरवली आहे तिच्या जागी बटण चालवून घेऊ. नियम मराठीत आणि हिंदीत लिहून, मोठ्या अक्षरांत, टेबलाला चिकटवून ठेवीन. जोडीदाराची अट गाळणार नाही, कितीही घाई असली तरी. डाव दोन तास चालेल. ज्याला मध्ये उठायचं असेल त्याने आधीच सांगावं, म्हणजे त्याच्या जागी दुसरा बसवता येईल, समोरचा उघडा पडणार नाही. पहिल्या रविवारी आणि दुसऱ्या रविवारी चिठ्ठ्या ठेवणार नाही. तिसऱ्या रविवारी ठेवीन, आणि तेव्हा कुणी चार दिले तरी ते यादीत जसेच्या तसे लागतील.